हिरवळीचा राखणदार : ओल्ड टॉम मॉरिस

स्कॉटलंडमधला उन्हाळा लांबलेल्या संध्याकाळींचा असतो. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो आणि त्या उजेडात जगभरातून आलेले गोल्फपटूंचे गट खेळताना दिसतात. आठ-बारा मित्र, एक मिनीबस, आठवडाभराचा कार्यक्रम आणि यादीत प्रेस्टविक, कार्नूस्टी, म्युअरफिल्ड, रॉयल डॉर्नॉक अशी नावे. सांगता सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर. गोल्फच्या भक्तांसाठी ही पंढरीची वारीच. सोडतीत नाव घालायचे, नशिबाने साथ दिली तर खेळायचे आणि अठराव्या होलकडे जाताना स्विल्कन ओढ्यावरच्या इवल्याशा दगडी पुलावर उभे राहून छायाचित्र काढून घ्यायचे. या यादीतल्या प्रत्येक मैदानावरून एकाच माणसाचा हात फिरला आहे, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते. हा माणूस म्हणजे थॉमस मॉरिस, अर्थात ‘ओल्ड टॉम’.

टॉम मॉरिस यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी सेंट अँड्र्यूजमध्ये एका विणकराच्या घरी झाला. समुद्रकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवर, खुरट्या गवतात गोल्फ खेळण्याची त्या गावाची परंपरा तेव्हाच काही शतकांची होती. टॉम किशोरवयातच ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे उमेदवारीसाठी राहिले. रॉबर्टसन हे त्या काळातले सर्वश्रेष्ठ खेळाडू आणि चेंडू बनवणारे नामांकित कारागीर. चामड्याच्या छोट्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरायची आणि ती शिवून टाकायची, असे हे काम. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाला तीन-चारच चेंडू होत. त्यामुळे चेंडू महाग आणि खेळ श्रीमंतांचा.

१८४८च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनवलेला स्वस्त चेंडू आला आणि पिसांच्या धंद्यावर गदा आली. या चेंडूच्या जन्माची एक कथा आपल्याला गंमतीची वाटेल. पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजच्या एका घरी विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला, असे सांगतात. कथेचा खरेखोटेपणा काहीही असो, नव्या चेंडूने गुरुशिष्यांत मात्र अंतर पाडले. टॉमना हा चेंडू खेळताना पाहून रॉबर्टसन संतापले आणि दोघांची भागीदारी संपली. काळाची पावले शिष्याने आधी ओळखली होती.

१८५१मध्ये कर्नल जेम्स ओगिल्व्ही फेअरली यांनी टॉमना पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला बोलावून घेतले. तिथे हिरवळीचा राखणदार म्हणून त्यांनी बारा होलचे मैदान आखले. रॉबर्टसन १८५९मध्ये वारले. आता सर्वश्रेष्ठ कोण, हा प्रश्न उभा राहिला. त्याच्या निवाड्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकवर जी स्पर्धा झाली, तीच आजची ‘ओपन’. स्पर्धक अवघे आठ, बारा होलच्या तीन फेऱ्या आणि बक्षीस लाल चामड्याचा पट्टा. मसलबर्गचे विली पार्क १७४ फटक्यांत जिंकले. टॉम दोन फटक्यांनी मागे राहिले.

पुढची काही वर्षे मात्र टॉम यांची होती. १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार विजेतेपदे त्यांनी मिळवली. १८६२चा विजय तेरा फटक्यांच्या फरकाने होता. प्रमुख स्पर्धांतला हा विक्रम मोडायला २००० साली टायगर वुड्स यावा लागला. १८६७मध्ये टॉम ४६ वर्षांचे होते आणि इतक्या वयात ओपन जिंकण्याचा त्यांचा विक्रम अजूनही अबाधित आहे. दुसऱ्याच वर्षी त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा ‘यंग टॉम’ विजेता झाला. तो आजवरचा सर्वांत लहान विजेता. १८६९मध्येही मुलगाच पहिला आला. १८७०मध्ये यंग टॉमने सलग तिसऱ्यांदा जिंकून पट्टा कायमचा घरी नेला. परिणामी १८७१मध्ये द्यायला बक्षीसच उरले नाही आणि स्पर्धा झाली नाही. १८७२मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हाही विजेता तोच. मुलगा आपल्यापेक्षा मोठा खेळाडू आहे, हे वडिलांनी कधीच नाकारले नाही.

दरम्यान सेंट अँड्र्यूजने आपला माणूस परत बोलावला होता. वर्षाला ५० पौंड पगार आणि हाती दिलेली सामग्री म्हणजे एक हातगाडी, एक कुदळ, एक फावडे. मैदानाची तेव्हा पार दुर्दशा झाली होती. टॉम यांनी काटेरी झुडपे हटवून खेळाच्या वाटा रुंद केल्या, पहिल्या आणि अठराव्या होलसाठी नव्या हिरवळी तयार केल्या. त्यांचे मोठे अस्त्र होते वाळू. प्रेस्टविकला चुकून गाडीतली वाळू हिरवळीवर सांडली आणि तिथले गवत दाट आले, अशी आठवण सांगितली जाते. वाळूचा पातळ थर पसरून गवत जोपासण्याचा हा उपाय त्यांनी नेटाने राबवला आणि तो आज जगभरच्या मैदानांवर रुजला आहे. जमिनीलाही विसावा हवा, म्हणून रविवारी खेळ बंद ठेवण्याबाबत ते ठाम होते.

सप्टेंबर १८७५ मध्ये या संसारावर आघात झाला. पिता-पुत्र नॉर्थ बर्विकला पार्क बंधूंविरुद्ध सामना खेळत होते. यंग टॉमची पत्नी मार्गारेट घरी बाळंतपणाच्या वेदनांत होती. ती अत्यवस्थ असल्याची तार आली. सर्वत्र सांगितली जाणारी हकिगत अशी, की शेवटचे एक-दोन होल उरले होते म्हणून वडिलांनी सामना संपेपर्यंत ती तार खिशातच ठेवली. आगगाडीने वळसा पडला असता, म्हणून एका स्नेह्याची नौका घेऊन दोघे खाडीपार निघाले. पण घर गाठण्याआधीच दुसरी तार आली. आई आणि बाळ दोघेही गेले होते. त्या काही मिनिटांनी काहीच बदलले नसते, हे खरे. तरीही ती तार कोणत्या बापाला विसरता येईल? यंग टॉम पुन्हा सावरला नाही. त्याच हिवाळ्यात बर्फातही तो एक प्रदीर्घ सामना खेळला आणि जिंकलाही. नाताळच्या दिवशी सकाळी तो अंथरुणात मृतावस्थेत आढळला. वय अवघे २४. पुढे साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी काढून त्याचे स्मारक उभारले.

पुढच्याच वर्षी पत्नी ॲग्नेस गेल्या. पहिला मुलगा तर बालपणीच दगावला होता. उरलेली मुलेही एकामागून एक वडिलांच्या डोळ्यांदेखत गेली. या सगळ्याला टॉम यांचे उत्तर काम हेच होते. रोज पहाटे समुद्रस्नान, मग मैदानाची फेरी, मग अठराव्या हिरवळीशेजारचे आपले दुकान. बोलावणे आले की रेल्वेने, बोटीने कुठेही जाऊन दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्चावर मैदान आखून द्यायचे. १८८६मध्ये डॉर्नॉक, १८८९मध्ये आयर्लंडमधले काउंटी डाउन, १८९१मध्ये म्युअरफिल्ड, १८९४मध्ये लाहिंच. जेसीबी नव्हते, नकाशे नव्हते. जमीन चालून पाहायची, तिचे चढ-उतार समजून घ्यायचे आणि खुंट्या रोवत जायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या डोनाल्ड रॉस यांनी पुढे अमेरिकेत पाइनहर्स्टसारखी मैदाने घडवली.

पंचाहत्तरीपर्यंत ते ओपनमध्ये उतरत राहिले आणि १९०३मध्ये राखणदारीतून निवृत्त झाले. सर जॉर्ज रीड यांनी काढलेले त्यांचे चित्र रॉयल अँड एन्शंट क्लबच्या वास्तूत लागले. ज्या क्लबचे ते आयुष्यभर नोकर होते, त्याच्याच भिंतीवर त्यांना मानाचे स्थान मिळाले. २४ मे १९०८ रोजी न्यू गोल्फ क्लबच्या जिन्यावरून पडून त्यांचे निधन झाले. ८७वा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. तो दिवस रविवार होता.

आजही एरवीच्या रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ नसतो. गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात, मुले हिरवळीच्या कडेने धावतात. खेळायला आलेल्या गटांना हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. त्यांनी तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला, पडक्या कॅथेड्रलच्या आवारात अवश्य जावे. पूर्वेकडून समुद्राचा वारा येतो. तिथे यंग टॉमच्या स्मारकाशेजारीच ओल्ड टॉम चिरविश्रांती घेत आहेत. सोमवारी ज्या गवतावर आपण पाऊल ठेवणार आहोत ते कुणी जोपासले, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.