विश्लेषण : शंभर वर्षांचे ‘गुबगुबीत’ अक्षर… ‘कूपर ब्लॅक’ घडवणारे ऑस्वाल्ड कूपर कोण होते?

‘इझीजेट’ या विमान कंपनीचे बोधचिन्ह आणि ‘बीच बॉइज’च्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या अल्बमचे मुखपृष्ठ यांत एक समान धागा आहे : ‘कूपर ब्लॅक’ हे जाड, गोलसर अक्षर. त्याचे निर्माते ऑस्वाल्ड कूपर यांचे निधन मात्र १९४० मध्येच झाले होते.

छापखान्यातील उमेदवारी

कूपर यांचा जन्म १८७९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. बालपण कॅन्ससमधील कॉफीव्हिल येथे गेले. शाळा अर्धवट सोडून ते छापखान्यात उमेदवारी करू लागले. पुढे चित्रकार होण्यासाठी त्यांनी शिकागो गाठले. चित्रकला आपला प्रांत नव्हे, हे तिथे त्यांना उमगले. पण अक्षरलेखन शिकवणाऱ्या फ्रेडरिक गाउडी यांच्या वर्गात त्यांना वाट सापडली. १९०४ मध्ये फ्रेड बर्टश यांच्यासह त्यांनी ‘बर्टश अँड कूपर’ ही संस्था काढली. जाहिरातींसाठी हाताने अक्षरे रेखाटण्यात त्यांचा जम बसला.

‘कूपर ब्लॅक’चे वेगळेपण काय?

शिकागोतील ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ या खिळे ओतणाऱ्या कंपनीने १९२२ मध्ये हे अक्षर बाजारात आणले. अक्षराच्या टोकांना असणाऱ्या छोट्या रेघांना सेरिफ म्हणतात. एरवी त्या टोकदार किंवा सरळ असतात. कूपर यांनी त्या गोलावल्या. त्यामुळे अक्षर जाड असूनही अंगावर येत नाही. ‘ओ’ किंचित मागे कललेला, अक्षरांच्या पोटातील पोकळी लहान आणि रेषेखाली उतरणारे भाग आखूड. परिणामी ओळी जवळजवळ बसवता येतात आणि थोड्या जागेत मोठा मथळा मावतो. कडा मुळातच मऊ असल्याने शाई थोडी पसरली, तरी बिघाड डोळ्यांत भरत नाही.

गुरूचे अक्षर शिष्याच्या स्पर्धेत

जाहिरातदारांनी हे अक्षर उचलून धरले. अमेरिकेत अक्षराच्या आकाराला स्वामित्व हक्काचे संरक्षण नसल्याने स्पर्धकांना तशीच अक्षरे काढणे सोपे होते. ‘मोनोटाइप’ने तर १९२५ मध्ये ‘कूपर ब्लॅक’च्या तोडीस तोड म्हणून ‘गाउडी हेवीफेस’ आणले. ते रेखाटले होते खुद्द कूपर यांच्या गुरूंनी, म्हणजे गाउडी यांनी.

आज वापर कुठे?

दुकानांच्या पाट्या, खाद्यपदार्थांची वेष्टने, टी-शर्ट, पोस्टर अशा दोन-चार शब्दांच्या कामांत हे अक्षर शोभते. परिच्छेदभर मजकुरात मात्र पान काळवंडते आणि डोळे थकतात. १९६० आणि ७० च्या दशकांत घासून उमटवायच्या अक्षरपत्रांमुळे ते खिळ्यांच्या छपाईबाहेर पडले आणि नंतर संगणकावर आले. फॉन्टच्या यादीत त्याच्यासोबत आजही कूपर यांचे नाव दिसते.