तेलाचा हिशोब लिहिणाऱ्या हातांनी गाथा जपली : संत संताजी जगनाडे महाराज

बुलडाणा (ग्रामीण वार्ताहर) : ८ डिसेंबर आला की ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये, शाळेत एक फोटो काढला जातो. धूळ पुसली जाते, हार चढतो, दोन शब्द होतात, फोटो मोबाईलवर पडतो. संत संताजी जगनाडे महाराजांची जयंती झाली. पण हा माणूस नेमका कोण होता, त्याने काय केलं, हे विचारलं तर बरेच जण एवढंच सांगतात की ते तुकाराम महाराजांचे शिष्य होते. ते खरंच आहे. पण तेवढंच नाही. संताजी हे बाजारगावचे तेलाचे दुकानदार होते. आणि दुकानदाराला जी एक सवय असते, रोजच्या रोज लिहून ठेवायची, त्या सवयीचे आपल्या सगळ्यांवर उपकार आहेत.

चाकणचा घाणा

संताजींचा जन्म पुणे भागातल्या चाकणचा. साल १६२४ धरतात. वडिलांचं नाव विठोबा, आईचं मथाबाई. घरात तेलाचा धंदा. चाकण आज कारखान्यांमुळे माहीत आहे, पण तेव्हा ते किल्ल्याचं आणि बाजाराचं गाव होतं. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक बाजाराला यायचे, तीळ, करडई, जवस घेऊन यायचे आणि तेल घेऊन जायचे.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी लाकडी घाणा पाहिलेला आहे. मोठं उखळ, त्यात फिरणारी लाट, लाटेला जुंपलेला बैल आणि बैलाच्या डोळ्यांवर झापड. बैल दिवसभर गोल फिरतो, खाली थेंब थेंब तेल उतरतं आणि मागे उरते ती ढेप जनावरांना जाते. सोयाबीनचं तेव्हा नावही नव्हतं. दिव्याला तेल, भाजीला तेल, अंगाला तेल, गाडीच्या आसाला तेल. गावाला तेल्याशिवाय चालत नव्हतं.

असा धंदा म्हटला की उधारी आलीच. कोणी बी दिलं, कोणी तेल नेलं, कोणाचं किती बाकी, हे डोक्यात राहत नाही. लिहावं लागतं. त्यामुळे धंद्यापुरतं लिहिणं-वाचणं आणि हिशोब संताजी लहानपणीच शिकले, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. त्या काळी गावात लिहिता येणारे मोजकेच. कुळकर्णी, जोशी आणि दुकानदार. बाकी गाव अंगठ्यावर. लग्नही त्या वेळच्या रीतीप्रमाणे लहान वयात झालं. बायकोचं नाव यमुनाबाई. सगळं कसं सरळ चाललं होतं. बापाचा घाणा मुलाने चालवायचा, एवढाच रस्ता समोर दिसत होता.

तुकोबांची गाठ

देहू चाकणपासून लांब नाही. तिथे तुकाराम महाराज कीर्तन करत होते. तुकोबाही मूळचे दुकानदारच. घरात महाजनकी होती, वाण्याचं दुकान होतं. सन १६३० च्या आसपासच्या मोठ्या दुष्काळात सगळं बसलं, पहिली बायको आणि मुलगा गेला. लोकांकडचं येणं लिहिलेली खतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं सांगतात. दुष्काळात दुकान बुडालेला हा माणूस चाकणला कीर्तनाला आला आणि घाण्यावरचा तरुण पोरगा ऐकायला बसला.

संताजींना वाटलं, आता सगळं सोडावं आणि यांच्या मागे जावं. परंपरा अशी सांगते की तुकोबांनी त्यांना घर सोडू दिलं नाही. संसार करूनच हे करता येतं, घाणा चालवतच नाम घेता येतं, असं समजावलं. मला या चरित्रातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. कारण संताजी जंगलात गेले नाहीत, भगवे घातले नाहीत. दिवसा तेल आणि कीर्तन असेल तेव्हा टाळ, अशी त्यांची रीत राहिली.

तुकोबांच्या कीर्तनात मागे उभे राहणारे चौदा टाळकरी होते, असं वारकरी मानतात. त्यात संताजी तेली, गवरशेट वाणी, नावजी माळी, कडूसचे गंगाराम मवाळ ही नावं येतात. तेली, वाणी, माळी, ब्राह्मण एका ओळीत उभे राहून टाळ वाजवत होते. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी हे साधं नव्हतं. संताजींनी स्वतःही अभंग केले. त्यातले घाण्याचे अभंग प्रसिद्ध आहेत. रोज हाताखालचा घाणा, बैल आणि तेल यांच्यातूनच त्यांनी परमार्थ सांगितला.

वह्या बुडाल्या तेव्हा

तुकोबा कीर्तनात उभे राहिले की अभंग तोंडून यायचे. ते उतरवून घेणारे म्हणून दोन नावं कायम घेतली जातात. एक गंगाराम मवाळ आणि दुसरे संताजी. जो हात उधारी लिहायचा, तोच हात अभंग लिहू लागला.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शूद्राने वेदाचा अर्थ लोकभाषेत सांगू नये, म्हणून वाघोलीच्या रामेश्वरभटांनी हरकत घेतली आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्याशिवाय बसले. वह्या कोरड्या वर आल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा. ही गोष्ट त्या काळी देहूत आलेल्या संत बहिणाबाईंच्या अभंगांतही आहे. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगतात. गावोगाव लोकांना पाठ झालेले अभंग संताजींनी जाऊन ऐकले आणि पुन्हा लिहून काढले. नदीत कागद बुडाला तरी लोकांच्या तोंडातलं बुडत नाही, पण तोंडातलं माणसाबरोबर जातं. म्हणून ते परत कागदावर आणावं लागतं. संताजींना हे दुकानदार म्हणून ठाऊक होतं. रामेश्वरभटही पुढे तुकोबांचे शिष्य झाले, हेही विसरू नये.

सन १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. तीच आपली तुकाराम बीज. संताजी तेव्हा पंचविशीत होते. पुढचं सगळं आयुष्य गुरूशिवाय काढायचं होतं आणि घरात वह्या होत्या.

दिवसही धड नव्हते. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळपास दोन महिने किल्ला लढवला. शेवटी किल्ला पडला. अशा धामधुमीत माणूस आधी काय उचलतो? दागिने, दाणे, जनावरं. संताजींनी अभंगाच्या वह्या जपल्या, असं सांगतात. एवढं खरं की त्या वह्या टिकल्या आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीही त्या फेकल्या नाहीत.

सुदुंबरे

संताजींची समाधी मावळ तालुक्यातल्या सुदुंबरे इथे आहे. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला तिथे पुण्यतिथी होते आणि राज्यभरातून लोक जातात. समाधीची एक कथा आहे. तुकोबांनी शब्द दिला होता की तुझ्या शेवटाला मी माती द्यायला येईन. संताजी गेले, लोकांनी माती लोटली, पण चेहरा काही झाकेना. कितीही माती टाका, तोंड उघडंच. मग तुकोबा आले, त्यांनी मूठभर माती टाकली आणि तेव्हा चेहरा झाकला गेला. मानायची ती श्रद्धेने मानावी. पण दोन दुकानदारांमधला शब्दाचा व्यवहार त्यात दिसतो. दिलेला शब्द म्हणजे बाकी असते, ती चुकवावीच लागते.

वह्यांचं पुढे काय झालं

तुकोबांची गाथा सरकारने छापली ती १८६९ आणि १८७३ मध्ये, दोन भागांत. त्यासाठी मुंबई सरकारने २४ हजार रुपये दिले होते. त्यानंतर ठाण्याचे वि. ल. भावे यांना संताजींच्या वह्या मिळाल्या. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारे हे भावे. त्यांनी या वह्यांवरून १९१९-२० मध्ये तुकोबांची अस्सल गाथा म्हणून पुस्तक काढलं. तेल्याने लिहिलेल्या वहीला अभ्यासकांनी अस्सल म्हटलं, तोपर्यंत अडीचशेहून जास्त वर्षं गेली होती. २००९ मध्ये संताजींच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघालं आणि आता सरकारी कार्यालयात जयंती होते.

आपल्या गावाचं काय?

आपल्या जिल्ह्याला संतांचं कमी नाही. चोखोबांचं जन्मगाव मेहुणा राजा देऊळगाव राजा तालुक्यातच आहे. शेगावची पालखी दरसाल पंढरीला पायी जाते. गावोगाव सप्ताह होतात, गाथेचं पारायण होतं. पण आपण जे गातो ते लिहून कोण ठेवतंय?

आमच्या भागात भजनी मंडळातले जुने लोक एकेक करून चालले आहेत. त्यांच्या चाली, जात्यावरच्या ओव्या, काकडआरतीची जुनी पद्धत, हे सगळं त्यांच्या तोंडात आहे. म्हातारा गेला की त्याची पिवळी पडलेली वही आधी माळ्यावर जाते आणि मग रद्दीत. नातवाच्या हातात मोबाईल असतो, त्यात रेकॉर्डिंग असतं, पण आजीला कोणी म्हणायला लावत नाही.

संताजी काही मोठे पंडित नव्हते. हिशोबापुरतं शिकलेले तेली होते. त्यांच्याजवळ एक घाणा, एक टाळ आणि लिहायची सवय होती. तेवढ्यावर काम झालं. या ८ डिसेंबरला फोटोला हार घालाच. पण संध्याकाळी घरी गेल्यावर आईजवळ, आजीजवळ, गावातल्या जुन्या टाळकऱ्याजवळ बसून एक ओवी, एक चाल लिहून घ्या किंवा मोबाईलमध्ये भरून ठेवा. वर त्यांचं नाव आणि तारीख टाकायला विसरू नका. दुकानदार उधारीवर टाकतो तशी.

संत संताजी जगनाडे महाराजांना विनम्र अभिवादन!