वारा ओळखणारा सरखेल

आमच्या गोंदियापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही कान्होजी आंग्रे हे नाव निघालं की मला नवेगाव बांधच्या तलावातला ढीवर आठवतो. बांबू टेकवत डोंगा हाकणाऱ्या त्या माणसाला पाणी कुठं उथळ नि कुठं खोल, हे कुणाला विचारावं लागत नाही. कान्होजींचं सामर्थ्य अशाच जाणतेपणात होतं.

वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. मुलगा दर्यावर वाढला आणि 1698 मध्ये राजाराम महाराजांनी त्याला सरखेल केलं. 1714 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं.

त्या काळी डच कंपनीचा पसारा बटाव्हियापासून, म्हणजे आजच्या जकार्तापासून, कोचीन नि सुरतेपर्यंत होता. पण एवढ्या मोठ्या कंपनीचं वेळापत्रक ठरवीत होता तो वारा! आमच्या धानाच्या बांध्या भरणारा मोसमी पाऊस पश्चिम किनाऱ्याची वाट बंद करी. पाऊस सरला की शिडं उभारायची आणि कोकणासमोरून सुरत गाठायची. नेमक्या त्याच वाटेवर कान्होजींचे किल्ले होते. इथून जायचं तर त्यांचा दस्तक घ्यावा लागे. गोरे व्यापारी याला चाचेगिरी म्हणत. पोर्तुगीज मात्र कितीतरी आधीपासून असेच परवाने विकत होते.

1724 मध्ये डचांची सात जहाजं विजयदुर्गावर चालून आली. सोबत बाँबगोळे फेकणारी गलबतं होती, सैनिक होते. त्यांना हात हलवीत परतावं लागलं. डचांच्या अवजड जहाजांना खोल पाणी लागे आणि वारा पडला की ती जागीच खिळत. कान्होजींच्या गुराबा नि गलबतांचा तळ उथळ. वारा पडला तर वल्ही होती, वेळ आली तर खाडी जवळ होती.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी गेले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. थोरले सेखोजी 1733 मध्ये वारले आणि संभाजी व मानाजी या भावांत वाटणीचा वाद पेटला. दर्या एक, पण आरमारं दोन झाली. पुढं पेशव्यांचंही आंग्र्यांशी बिनसलं. 1756 मध्ये पेशव्यांच्या संमतीनं इंग्रज विजयदुर्गावर आले आणि बंदरातलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं.

बँकेच्या नोकरीत मी वाटण्यांपायी बुडालेली घरं पाहिली आहेत. दर वेळी कागद वेगळे असत, गोष्ट एकच असे. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आज आंग्रे हे नाव आहे, याचा अभिमान वाटतोच. पण सात डच जहाजांना जे साधलं नाही, ते आपल्याच भाऊबंदकीनं साधलं, ही खंत काही केल्या जात नाही.