सेवाव्रती ज्युलिएट लो

अमेरिकेतील सव्हाना शहरी ३१ ऑक्टोबर १८६० रोजी एका सधन घराण्यात ज्युलिएट गॉर्डन यांचा जन्म झाला. तरुणपणी कानदुखीवरचा उपचार अंगाशी येऊन त्यांचा एक कान गेला. १८८६ मध्ये लग्न झाले. आपल्या अक्षतांप्रमाणे तिकडेही वधूवरांवर तांदूळ उधळतात. त्यातला एक दाणा दुसऱ्या कानात अडकला आणि तोही कान निकामी झाला. संसारही सुखाचा झाला नाही. मूलबाळ नव्हते. १९०५ मध्ये पती वारले, तेव्हा इस्टेटीचा मोठा भाग त्यांनी दुसऱ्याच स्त्रीच्या नावे ठेवल्याचे उघड झाले.

पन्नाशीत, १९११ मध्ये, बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांची भेट झाली आणि ज्युलिएटबाईंना जीवितकार्य सापडले. स्कॉटलंडमधील एका खेड्यात त्यांनी सात गरीब मुलींचे पथक काढले. पोटासाठी शहर गाठावे लागू नये म्हणून त्यांना कोंबड्या पाळणे, लोकर कातणे शिकवले. १२ मार्च १९१२ रोजी सव्हानात १८ मुली जमल्या आणि अमेरिकेतील कार्य सुरू झाले. कोणी मदत नाकारली, की बाई ऐकूच न आल्याचे दाखवीत! पैसा अपुरा पडला, तेव्हा त्यांनी स्वतःची मोत्यांची माळ विकली. पहिल्या महायुद्धात या मुलींनी भाजीपाला पिकवला, युद्धरोखे विकले, रेडक्रॉसला हातभार लावला.

१७ जानेवारी १९२७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. या मुलींच्या जागतिक संघटनेचे 'संगम' केंद्र १९६६ मध्ये आपल्या पुण्यात उभे राहिले.

घरातल्या कष्टांना कोणी सेवा म्हणत नाही. गावासाठी राबणाऱ्या मुलीला मात्र स्वतःचे नाव मिळते. ज्युलिएटबाईंनी असे नाव लाखावर मुलींना मिळवून दिले.