क्रांतिसिंह नाना पाटील : साताऱ्याचा माणूस, बीडचा खासदार

बीडचे खासदार म्हटलं की आपल्या मुलांना अलीकडची चार-दोन नावं आठवतात. १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील इथून लोकसभेवर गेले होते, हे मात्र घरातल्या बुजुर्गांनाच ठाऊक असतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तेव्हा सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. तलाठ्याची सरकारी नोकरी होती. १९३० च्या कायदेभंगात ती सोडून दिली आणि पुढे अनेकदा तुरुंगात गेले. १९४२ नंतर भूमिगत राहून त्यांनी व साथीदारांनी प्रतिसरकार उभं केलं. गावोगावी लोकांची न्यायालयं बसली, सावकार-गुंडांना जरब बसली, दारूबंदी झाली, कमी खर्चात लग्नं लागू लागली. इंग्रजांनी डोक्यावर इनाम लावलं, तरी नाना १९४६ पर्यंत हाती लागले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून खासदार झाले. दहा वर्षांनी बीडने त्यांना निवडलं. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, नानांची सारी लढाई इंग्रजी मुलखातली. तरीही इथल्या मतदाराने गाव कुठलं हे न विचारता काम पाहिलं. त्या वर्षी काँग्रेसने अनेक राज्यं गमावली, पण दिल्ली राखली. १९७१ ला बीडही पुन्हा काँग्रेसकडे गेलं.

६ डिसेंबर १९७६ रोजी नानांचं निधन झालं, तेव्हा आणीबाणी चालू होती. त्यांचा पक्ष आणीबाणीच्या बाजूने होता, हेही सांगायला हवं. इकडे नसबंदीच्या सक्तीची दहशत घराघरांत होती. चारच महिन्यांत, मार्च १९७७ मध्ये, देशाने मतपेटीतून उत्तर दिलं. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या, काँग्रेसची तीस वर्षांची केंद्रातली सत्ता गेली आणि मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. बीडने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून दिले. त्या पक्षाला राज्यात तीनच जागा मिळाल्या, त्यातली एक आपली.

बंदूक न उचलता राज्य बदलता येतं, हे आपल्या आई-वडिलांनी तेव्हा रांगेत उभं राहून दाखवलं. आज आपल्यातले कितीतरी जण मतदार यादीत नाव आहे की नाही, हे मतदानाच्या दिवशी बघतात. नाव नसलं की चडफडत घरी येतात. ते आधीच बघून घेऊ या, घरातल्या सुना-मुलींचंसुद्धा.