मेजर रॉबर्ट गिल : अजिंठ्याच्या चित्रांचा राखणदार

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही एका हिवाळ्यात अजिंठ्याची लेणी पाहण्यास गेलो होतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे सर्वजण स्तब्ध उभे असता एका मुलाने हळूच मला विचारले की, हे चित्र विकावयाचे म्हटले तर त्याची किंमत किती येईल ? इतर मुले हसली. परंतु प्रश्न हसण्यासारखा खचित नव्हता. जगात चित्रे विकली जातात, चोरली जातात आणि त्यांपायी लोक तुरुंगातही जातात. मग भिंतीवरील ह्या रंगांचे मोल कशात आहे ? त्या वेळी मला नीटसे उत्तर देता आले नाही. पुढे विचार करता असे वाटले की, ह्याचे उत्तर एका मनुष्याच्या चरित्रात सापडते. आणि तो मनुष्य आपणांपासून फार दूर नाही, भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत तो चिरनिद्रा घेत आहे. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल.

गिल ह्यांचा जन्म इंग्लंडात सन १८०४ मध्ये झाला. वयाच्या विशीच्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाले व ४४ व्या मद्रास पायदळ पलटणीत अधिकारी झाले. शिपाईगिरी हा त्यांचा पेशा असला तरी हातात कुंचला धरण्याची कला त्यांस उत्तम अवगत होती. ह्या कलेनेच त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लावले.

ते वळण समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती दरीत कोरलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुनी लेणी ख्रिस्तपूर्व काळातील असून, ज्यांतील चित्रे विशेष प्रसिद्ध आहेत ती इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक राजांच्या अमदानीतील आहेत. पुढे भिक्षू निघून गेले, रान माजले, वटवाघळांनी वस्ती केली. आसपासच्या लोकांस ही लेणी ठाऊक असली, तरी बाहेरच्या जगास त्यांची वार्ता नव्हती. सन १८१९ च्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे आला. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते; कारण त्या काळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता व त्यावर उभे राहून त्याने ते कोरले. ज्या मनुष्याने ही लेणी जगापुढे आणली, त्यानेच तेथे पहिला ओरखडा काढावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय ?

पुढे आलेल्या कित्येकांनी ओरखड्यावर समाधान मानले नाही. सन १८२८ च्या सुमारास डॉ. जेम्स बर्ड ह्या गृहस्थांनी सतराव्या लेण्यातील चक्राकार चित्रामधून चार आकृती सोलून काढल्या. हे गृहस्थ कोणी अडाणी लुटारू नव्हते. त्यांनी पुढे, १८४७ साली, बौद्ध व जैन धर्मांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्येची आवड आणि परक्याची वस्तू उचलण्याचा मोह ही दोन्ही एकाच अंतःकरणात सुखाने नांदू शकतात, हे ह्यावरून दिसते. भिंतीवरून निघालेले असे तुकडे परदेशीही गेले असून, अमेरिकेतील बोस्टन शहराच्या संग्रहालयात अजिंठ्याचा एक तुकडा आहे.

आता ह्या तोडीचा परिणाम काय होतो ते पाहू. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत खडकावर मातीचा लेप दिला. त्यात भाताचा तूस, गवताचे तुकडे वगैरे मिसळले. त्यावर चुन्याचा पातळ थर देऊन तो गुळगुळीत केला आणि मग काव, पिवळी माती, काजळी, हिरवी माती अशा रंगांनी चित्रे रेखाटली. म्हणजे ज्यास आपण चित्र म्हणतो तो केवळ एक नाजूक पापुद्रा आहे. त्याचा एक भाग ओरबाडला की शेजारचा भाग सैल होतो, आणि पावसाळ्याच्या ओलाव्याने तोही ढासळतो. चोर हातभर नेतो व वावभर नासून जातो.

सन १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन हे शिल्पाभ्यासक अजिंठ्यास येऊन गेले. चित्रांची दुर्दशा पाहून ते अस्वस्थ झाले. १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी हिंदुस्थानातील लेण्यांवर निबंध वाचला. त्यानंतर सोसायटीने कंपनी सरकारकडे अर्ज केला की, ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात. अर्ज मान्य झाला आणि १८४४ साली ह्या कामी कॅप्टन गिल ह्यांची नेमणूक झाली. मुंबईतही ह्याच उद्देशाने १८४८ साली एक लेणी-समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष डॉ. जॉन विल्सन हे होते, ज्यांचे नाव विल्सन कॉलेजामुळे आपणां सर्वांस परिचित आहे.

गिल अजिंठ्यास आले त्या काळी आगगाडी नव्हती. पुढे रेल्वे झाल्यावर कित्येक प्रवासी आपल्या पाचोरे स्थानकावर उतरून बैलगाडीने फर्दापूर गाठीत; परंतु गिल ह्यांस तीही सोय नव्हती. लेणी निजामाच्या मुलखात, खानदेशच्या सरहद्दीलगत. दरीत वाघांचा वावर, हिवतापाचा उपद्रव आणि वाटमाऱ्यांचे भय. लेण्यांच्या आतील दालनांत प्रकाश असा की, दुपारीही भिंत अंधुकच दिसे. अशा ठिकाणी मोठमोठे कापड ताणून, तैलरंगांनी एकेक आकृती, एकेक अलंकार, एकेक फूल उतरावयाचे होते. रंग उडाला असेल तेथे कल्पनेने भर न घालता, उडालेला भाग उडालेलाच दाखवावयाचा होता. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले.

हा मनुष्य निर्दोष साधू होता, असे मात्र कोणी समजू नये. त्यांस शिकारीचा अतोनात नाद होता. इंग्लंडातील कुटुंबाशी त्यांचे जीवन फारसे जुळले नाही. अजिंठ्यात पारो नावाची एक स्थानिक स्त्री त्यांची सहचारिणी होती. ती १८५६ च्या मे महिन्यात वारली. अजिंठा गावी तिचे थडगे असून त्यावर गिल ह्यांनी कोरविलेला स्मृतिलेख आहे. आपल्या प्रियजनाच्या नावासाठी त्यांनी निराळा दगड बसविला. लेण्यांची भिंत त्यासाठी वापरली नाही.

ह्याच सुमारास गिल ह्यांनी छायाचित्रणाची विद्या हस्तगत केली. एकाच दृश्याची किंचित अंतराने दोन छायाचित्रे घेऊन ती विशिष्ट भिंगांतून पाहिली असता दृश्यास खोली येते. अशी जोडचित्रे त्यांनी पुष्कळ काढली. अजिंठा, वेरूळ व आसपासच्या देवालयांची ही छायाचित्रे फर्ग्युसन ह्यांच्या विवेचनासह १८६४ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु त्या काळच्या छायाचित्रात रंग येत नसे. म्हणून रंगांची साक्ष द्यावयास गिल ह्यांची तैलचित्रे हाच एक आधार होता.

ती तैलचित्रे, संख्येने सुमारे ३०, विलायतेस पोचली. लंडननजीक सिडनहॅम येथे काचेचा प्रचंड राजवाडा होता. त्यात ती लोकांस पाहण्यासाठी मांडण्यात आली. हजारो प्रेक्षकांनी ती पाहिली. आणि मग ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या राजवाड्यास आग लागली. अठरा वर्षांचे श्रम काही घटकांत भस्म झाले. चार-पाच चित्रे तेवढी वाचली.

विद्यार्थिमित्रहो, क्षणभर थांबून ह्या प्रसंगाचा विचार करा. आपली एका सत्राची वही हरवली तर आपण दोन दिवस हळहळतो. येथे तर एका मनुष्याचे तारुण्य ओसरून वार्धक्य जवळ आले होते आणि हाती जवळजवळ काहीच उरले नव्हते. तथापि गिल अजिंठा सोडून गेले नाहीत. ज्या दरीने त्यांचे आयुष्य घेतले, तिच्याच परिसरात ते शेवटपर्यंत राहिले. सन १८७९ च्या एप्रिल महिन्यात ते अत्यवस्थ झाले. उपचारार्थ त्यांस भुसावळकडे नेत असता १० तारखेस वाटेतच त्यांची प्राणज्योत मालवली. भुसावळ येथे त्यांचे दफन झाले.

त्यांचे काम व्यर्थ गेले काय ? आगीनंतर थोड्याच वर्षांनी, १८७२ साली, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी तेच काम नव्याने हाती घेतले. ह्या वेळी प्रतिकृती उतरणारे हात आपल्या देशातील विद्यार्थ्यांचे होते. १८८५ पर्यंत सुमारे ३०० चित्रे तयार झाली. दुर्दैव असे की, त्यांतीलही बरीच लंडनमधील आगीत जळाली. परंतु उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स ह्यांनी मोठा ग्रंथ सिद्ध केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम ह्यांच्यासह नंदलाल बोस प्रभृती तरुण चित्रकार येथे आले आणि हिंदी चित्रकलेस नवे चैतन्य लाभले. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याने, गुलाम यझदानी ह्यांच्या देखरेखीखाली, इटलीतून तज्ज्ञ आणवून सुटू लागलेले लेप पक्के करविले. १९८३ साली अजिंठ्याची गणना जागतिक वारशात झाली. ह्या साऱ्या परंपरेच्या आरंभी गिल उभे आहेत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. संग्राहक चित्राची किंमत कशावरून ठरवितो ? पहिली गोष्ट दुर्मिळता : त्यासारखे दुसरे नसले की मोल चढते. दुसरी, कर्त्याचे नाव. तिसरी, चित्राची स्थिती. चौथी, त्याची वंशावळ : ते कोणाच्या हातून कोणाकडे आले, ह्याचा निर्वेध पुरावा. आणि पाचवी, लोकांत झालेला बोलबाला. सन १९११ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून लिओनार्दोचे मोना लिसा हे चित्र तेथे पूर्वी काम केलेल्या पेरुज्या नावाच्या एका इटालियनाने पळविले. तेव्हा भिंतीवरील रिकामी जागा पाहण्यास लोकांची रीघ लागली ! दोन वर्षे चित्र त्याच्या खोलीत पडून होते. १९१३ साली फ्लॉरेन्समध्ये ते विकू पाहताच तो पकडला गेला. प्रसिद्ध चित्र चोरणे एक वेळ सोपे, पण उघड बाजारात ते विकणे अतिशय कठीण, हे त्यास उमगले नव्हते. चोरीने चोरास लाभ झाला नाही. मात्र चित्राची कीर्ती शतगुणित झाली.

ही मोजपट्टी अजिंठ्यास लावून पाहा. येथील चित्रकारांची नावे कोणास ठाऊक नाहीत. चित्रे झिजलेली आहेत. भिंतीवेगळा केलेला तुकडा पूर्ण कथेतून तुटतो. मिरवणुकीतील एक मुख, पण मिरवणूक नाही. राणीचा हात, पण राणी नाही. संग्राहकाच्या हाती केवळ दुर्मिळता पडते, आणि तीही त्याच्या किंवा त्याच्यासारख्यांच्या विध्वंसाने निर्माण झालेली ! उलट गिल ह्यांच्या वाचलेल्या चित्रांचे पाहा. ती लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवली आहेत. ती मुळात नकला. तरी आज अभ्यासकांस त्यांची किंमत फार आहे. कारण मूळ भिंतीवरील जो अंश नंतर झडून गेला, त्याची साक्ष त्यांत आढळू शकते. एकाने अस्सल तुकडा नेला आणि तो मुका झाला. दुसऱ्याने केवळ नक्कल केली आणि ती बोलती राहिली.

म्हणून मला त्या मुलास आता असे सांगावेसे वाटते की, बाळा, बाजारातील किंमत ही एका मनुष्याने दुसऱ्यास दिलेली रक्कम होय. मोल हे त्याहून निराळे असते. पाचव्या शतकातील कारागिराने ज्या भिंतीवर, ज्या अंधारात, ज्या पाहणाऱ्यांसाठी ते चित्र काढले, तेथेच ते असणे आणि तुझ्यासारख्या कोणाही शेतकऱ्याच्या मुलास ते पाहता येणे, हे त्याचे मोल.

कायदाही आता ह्या मोलाचे रक्षण करतो. १९७२ च्या अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी रीतीने देशाबाहेर नेण्यास मनाई केली आहे. परंतु कायद्याचा पहारेकरी प्रत्येक खांबाआड उभा राहू शकत नाही. खिळ्याने नाव कोरणारा सहलीतील मुलगा व आकृती सोलून नेणारा विद्वान ह्यांत अंतर आहे ते केवळ प्रमाणाचे. पालकांनीही हे ध्यानी घ्यावे. आपल्या गावच्या पडक्या देवळातील मूर्ती, जुन्या वाड्यातील चित्रे, घरातील पोथ्या, ह्यांवरही कोणाचा तरी डोळा असतो. त्यांची नोंद ठेवणे, जमल्यास छायाचित्र काढून ठेवणे, एवढे तर प्रत्येकास साधण्यासारखे आहे.

पुढील खेपेस भुसावळ स्थानकावर गाडी बदलण्यास वेळ असेल, तर त्या जुन्या दफनभूमीची आठवण करावी. अजिंठ्याच्या रंगांपुढे अठरा वर्षे बसून ज्याने तेथून प्रतिकृतींखेरीज काही नेले नाही, असा एक मनुष्य तेथे विसावला आहे.