संदेष्टा यिर्मया : वेढ्यात विकत घेतलेले शेत



संकट आले की माणूस भविष्य विचारू लागतो. घरातले आजारपण लांबले, नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले की, हे कधी संपणार, हा एकच प्रश्न मनात उरतो. २०२० साली करोनाच्या साथीत चर्चचे दरवाजे बंद होते, तेव्हा पवित्र शास्त्रातले आकडे जुळवून जगाच्या अंताची तारीख सांगणारे संदेश फोनवरून फिरत होते. ते वाचून आम्हीही घाबरलो होतो. संदेष्ट्यांची वाणी अशी भीती घालण्यासाठी आहे का? याचे उत्तर संदेष्टा यिर्मयाच्या आयुष्यात सापडते.

यिर्मया हा जेरुसलेमपासून जेमतेम पाच किलोमीटरवर असलेल्या अनाथोथ गावचा. घराणे याजकांचे. इ. स. पूर्व ६२७ च्या सुमारास, योशीया राजाच्या कारकिर्दीत, परमेश्वराने त्याला पाचारण केले. मी लहान आहे, मला बोलता येत नाही, अशी सबब त्याने सांगितली. ती चालली नाही. पुढे चाळीस वर्षे तो लोकांना नको असलेली गोष्ट सांगत राहिला. परमेश्वराकडे वळा, परके, विधवा आणि अनाथ यांच्यावरचा जुलूम थांबवा, नाहीतर हे नगर उरणार नाही आणि मंदिरही उरणार नाही. मंदिर आपल्याजवळ आहे, मग आपल्याला कसली भीती, असे लोकांना वाटत होते. त्याचे गाववालेच त्याच्या जिवावर उठले. परमेश्वराच्या आज्ञेनुसार त्याने लग्न केले नाही. यहोयाकीम राजाने हिवाळ्यात शेगडीसमोर बसून त्याच्या वचनांची गुंडाळी कापून कापून जाळली. यिर्मयाने आपला लेखनिक बारूख याच्याकडून ती पुन्हा लिहून घेतली आणि तिच्यात भरही घातली.

यिर्मयाचे मन दगडाचे नव्हते. तो रडला, देवाशी भांडला, आपल्या जन्मदिवसालाही त्याने शाप दिला. पण लोकांना बरे वाटावे म्हणून खोटे मात्र बोलला नाही.

इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेम घेतले आणि राजासह अनेकांना बंदिवान करून नेले. तेव्हा हनन्या नावाच्या एका संदेष्ट्याने जाहीर केले की, दोन वर्षांत सारे परत येतील. ऐकायला किती गोड! यिर्मयाने मात्र बंदिवासातल्या लोकांना पत्र पाठवून कळवले की, काळ लांबचा आहे, सत्तर वर्षांचा. तोवर तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या परक्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हनन्याने तारीख जवळची दिली, पण त्या तारखेपर्यंत जगायचे कसे हे सांगितले नाही. यिर्मयाने तारीख लांबची सांगितली आणि आजचा दिवस जगण्याजोगा केला.

मग दुसरा वेढा पडला. नगरात भाकरीची टंचाई होती, तटाबाहेर शत्रूचे मोर्चे उभे होते, आणि यिर्मया राजवाड्याजवळच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल आला. अनाथोथचे शेत तू विकत घे, नात्याने तो हक्क तुझाच आहे, असे तो म्हणाला. सभोवतालचा मुलूख बाबिलोनच्या सैन्याने व्यापलेला! अशा जमिनीला कोण पैसे मोजेल? यिर्मयाने मोजले. परमेश्वराने त्याला हे आधीच सांगितले होते. सतरा शेकेल चांदी, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास, त्याने तराजूत तोलून दिली. खरेदीखत झाले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला त्याने बारूखला सांगितले.

व्यवहार उरकल्यावर तोही गोंधळला. नगर शत्रूच्या हाती जात असताना मला शेत कशाला घ्यायला लावलेस, असे त्याने प्रार्थनेत देवाला विचारले. उत्तर आले की, या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील, पुन्हा खरेदीखते होतील. याच वचनांच्या आधी, त्याच्या ग्रंथात, परमेश्वर आपल्या लोकांशी नवा करार करील आणि आपला नियम त्यांच्या हृदयावर लिहील, ही महान भविष्यवाणी येते.

इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास नगर पडले, मंदिर जळाले. पुढे यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध इजिप्तला नेण्यात आले. तो परतल्याचा उल्लेख पवित्र शास्त्रात नाही. म्हणजे ज्या शेताचे पैसे त्याने मोजले, त्याचे पीक त्याने खाल्ल्याचे आपल्याला कुठे दिसत नाही.

इ. स. पूर्व ५३८ मध्ये पर्शियाचा राजा कोरेश याने यहुदी लोकांना परतण्याची मोकळीक दिली. परतलेल्यांची यादी एज्राच्या ग्रंथात आहे. ती वाचताना आपण कंटाळून पान उलटतो. पण तिच्यात एक लहानशी नोंद आहे: अनाथोथचे लोक, १२८. यिर्मयाच्या गावात पुन्हा माणसे आली! आणि नव्या कराराचे वचन तर प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला हाती घेऊन पूर्ण केले. दर रविवारी मिस्सामध्ये धर्मगुरू प्याला उचलतात तेव्हा यिर्मयाच्या त्या भविष्यवाणीची पूर्तता आपल्या डोळ्यांसमोर असते.

बंधु-भगिनींनो, भविष्यवाणी आपल्याला तारीख देत नाही. ती देवाचा शब्द देते आणि त्या शब्दावर विसंबून आज एक पाऊल टाकायला सांगते. कर्जातल्या घराने मुलीचे शिक्षण न थांबवणे, अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी रोज सकाळी खिडकी उघडणे, अबोला धरलेल्या भावाच्या दारी आपण आधी जाणे, हे आपले सतरा शेकेल. पीक कोण खाईल हे आपल्याला ठाऊक नाही. ज्याने शेत घ्यायला सांगितले, त्याला ते ठाऊक आहे. आपल्या मनाला शांती मिळण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून यिर्मयाच्या ग्रंथाचा बत्तिसावा अध्याय वाचू या, आणि आपले शेत कोणते, हे प्रभूला विचारू या.